बेटीला 'नाही' म्हणायचं नाही

चष्मा माझा होता. पुढे जे काही झालं त्यात दोष कोणाचा, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत (एक माझं आणि एक इतर सगळ्यांचं), म्हणून एवढं आधीच सांगून ठेवतो. माझा चष्मा, माझ्या नाकावरचा. तो माझ्या लेकीने, बेटीने, ओढून घेतला आणि मी परत मागितला. मागितला म्हणजे तिच्या मुठीतून सोडवला. सव्वा वर्षाच्या मुलीकडे अर्ज करून वस्तू परत मिळत नाही, हे मी स्वतः सरकारी कारकून असून सांगतो.

थंडीतली रविवारची सकाळ होती. चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही भुईगावातल्या घरी नुकतेच परतलो होतो. माझी बायको लिडिया आत मासळी साफ करत होती. माझी आई सालोमी ओट्यावर सूप घेऊन लसूण सोलत बसली होती. मी बेटीला मांडीवर घेऊन पेपर वाचायला बसलो होतो. चष्म्याशिवाय मला फक्त मथळे दिसतात, आणि आणीबाणी नुकतीच उठली होती त्या साली नुसत्या मथळ्यांवर कोणाचं भागत नव्हतं.

तर मी चष्मा सोडवून घेतला. बेटीने माझ्याकडे पाहिलं. असं आमचे साहेब बघतात, रजेचा अर्ज पुढे ठेवला की. मग तिने तोंड उघडलं आणि एक लांबलचक किंकाळी फोडली. मी मनात म्हटलं, रडेल आणि गप्प होईल. ती गप्प झालीच, पण रडून झालं म्हणून नव्हे. किंकाळी संपली, तोंड उघडंच राहिलं आणि आत श्वास जाईना. ओठ निळे पडले. मग गाल. डोळे वर गेले आणि पोर माझ्या हातात ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली.

आज हे हसत सांगतोय, पण त्या क्षणी मला कोणी माझं नाव विचारलं असतं तर क्लेमेंट एवढंही सांगता आलं नसतं. मी फक्त लिडियाला हाक मारली. ती माशाच्या हातांनीच धावत आली. आईने सूप टाकून पाण्याचा तांब्या उचलला आणि बेटीच्या तोंडावर पाणी मारलं. ते सगळं माझ्या तोंडावर आलं. तेवढ्यात बेटीने हुंदका देऊन श्वास आत ओढला, तिच्या गालांवर रंग परत आला आणि ती चारचौघांच्या मुलांसारखी रडायला लागली. कोणाच्या रडण्याचा मला इतका आनंद आयुष्यात झालेला नाही.

"काय केलंत तुम्ही तिला?" लिडियाने विचारलं.

"चष्मा घेतला."

"कोणाचा?"

"माझा."

"मग द्या तो तिला."

मी दिला. बेटीने त्याची एक काडी मोडली आणि ती शांत झाली. तेव्हापासून मी त्या बाजूच्या कानाला दोरा बांधून कचेरीत जायला लागलो.

त्यानंतर चारच दिवसांनी आईने तिच्या हातातून आपली जपमाळ काढून घेतली, कारण बेटी मणी चावत होती. तोच प्रकार. किंकाळी, निळे ओठ, लोंबलेली मान. आता दोष आईचा, असं मला वाटलं. पण आई म्हणाली, "माळ काढली म्हनून नाय झालं. सकाळी तू तिच्याकडे रागाने बघितलंस म्हनून झालं." त्याच आठवड्यात लिडियाने तिला विळीपाशी जाऊ दिलं नाही, तेव्हा पुन्हा. (त्यालाही कारण मीच निघालो. विळी मी जमिनीवर ठेवली होती. विळी जमिनीवरच ठेवतात, हे सांगून उपयोग झाला नाही.)

मग आईने घरात कायदा केला. बेटीला नाही म्हणायचं नाही. तिच्या हातातून काही काढायचं नाही. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, कारण आवाज चढला की ती दचकते, दचकली की रडते, आणि रडली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक.

आता मी मूळचा रागीट माणूस. माझे वडील रागीट होते, त्यांचे वडील तर नुसते खोकले तरी केळीच्या बागेतली माणसं काम सोडून पळायची, असं आई सांगते. राग आमच्या घराण्यात चालत आलेला. आणि त्याच घरात आता मला, एका कुटुंबप्रमुखाला, बशीत चहा ओतताना बशीचा आवाज करायला बंदी झाली.

बेटीला हे सगळं किती कळत होतं, देव जाणे. पण तिच्या मागण्या वाढत गेल्या एवढं खरं. आधी माझं पेन. मग माझी उशी. मग कोंबडीचं पिल्लू, जिवंत, पाळण्यात. ते पिल्लू दोन दुपारी तिच्या शेजारी झोपलं आणि तिसऱ्या दुपारी कोंबडी पाळण्याखाली येऊन आम्हा सगळ्यांना टोचून गेली. तरी मी माझ्या पायाला हळद लावून, हसत बसून होतो.

शेजारचे सॅन्टनकाका रोज संध्याकाळी आपला ट्रान्झिस्टर घेऊन आमच्या ओट्यावर बातम्या ऐकायला यायचे. बायको वारल्यापासून त्यांना घरात बसवत नसे, आणि त्या ट्रान्झिस्टरवर त्यांचा फार जीव. तो बेटीला आवडला. काकांनी कौतुकाने तिच्या हातात दिला आणि जाताना परत मागायला हात पुढे केला. बेटीचा खालचा ओठ थरथरला. माझ्या आईने काकांचा हात वरच्या वर धरला.

"सॅन्टन, राहू दे."

"अगं, पन माझा रेडिओ आहे तो."

"क्लेमेंटचाही चष्मा होता," आई म्हणाली.

त्या दिवसापासून सॅन्टनकाका आमच्या पाळण्याशेजारी स्टुलावर बसून, मान वाकडी करून बातम्या ऐकायचे. बेटी मध्येच बटण फिरवायची आणि मंत्र्यांचं भाषण तोडून कुठलंतरी तमिळ गाणं लागायचं. काका तिच्याकडे बघून गोड हसायचे आणि माझ्याकडे बघून दात खायचे.

झोपेची तर वेगळीच कथा. आई म्हणायची, जागेपणी श्वास जातो तर झोपेत जाणार नाही कशावरून? म्हणून बेटी झोपली की आम्ही आळीपाळीने तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. बोट लागलं की तिला गुदगुल्या व्हायच्या. ती जागी व्हायची, झोपमोड झाली म्हणून चिडायची, आणि ती चिडली की आमचा श्वास जायचा. मुलीची झोप पुरी होईना, म्हणून ती दिवसभर चिडकी. ती चिडकी म्हणून आम्ही बोट आणखी जवळ धरायचो. घरात सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं. फक्त कोंबडी तेवढी पोटभर झोपत होती.

पण खरी पंचाईत भांडणाची. नवरा-बायकोला भांडावं तर लागतंच. लिडिया लग्नाआधी शाळेत शिक्षिका होती, तिला मनातलं मनात ठेवायची सवय नाही. शेवटी तिनेच वाट काढली. पाळण्याची दोरी ओढत ती अंगाईच्या चालीत सुरू करायची.

"नारळ आणा म्हटलं होतं, नारळ आणा म्हटलं होतं."

"विसरलो गं, विसरलो," मी त्याच चालीत, "माणूस आहे, बैल नाही."

"बैल परवडला, बैल परवडला, सांगितलेलं ऐकतो तरी."

"तुझ्या आईने, तुझ्या आईने, हेच शिकवून धाडलं का?"

"माझ्या आईचं नाव काढाल," लिडिया अगदी मंजुळ आवाजात गायची, "तर उलथणं घालीन डोक्यात."

बेटी हे ऐकून खुदकन हसायची आणि आमच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या असायच्या. राग बाहेर काढायची ही पद्धत करून बघा. तो बाहेर येतच नाही. गाणं संपतं आणि राग आपला पोटात तसाच, वर चाल लक्षात राहते ती वेगळी.

याचा परिणाम असा झाला की एका रविवारी फादरांनी प्रवचनात आमचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण आपल्या गावात एक असं घर आहे, ज्या घरातून सकाळ-संध्याकाळ पतिपत्नी एकत्र गात असल्याचा आवाज येतो, असं ते म्हणाले. बाकांवरची सगळी डोकी आमच्याकडे वळली. लिडियाने प्रार्थनेच्या पुस्तकाआडून मला चिमटा काढला, कारण मी सकाळी तिला अंगाईतून काय म्हणालो होतो ते तिच्या लक्षात होतं.

कचेरीतही तेच. तोंडाला सवयच लागली. सातबाऱ्यासाठी कोणी आलं की मी पूर्वी वसकन अंगावर जायचो, ते आता "बसा हो, बसा हो, साहेब यायचेत अजून" असं डोलत म्हणायला लागलो. लोक घाबरले. कारकून ओरडला तर काम होणार हे त्यांना ठाऊक असतं. तो गोड बोलायला लागला की ते आपला खिसा चाचपतात.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे का गेला नाहीत? मीही हेच म्हणालो होतो. त्यावर आई म्हणाली, "डॉक्टर सुई काढनार. सुई बघून पोर रडनार. रडली की श्वास जानार. मग तू काय करनार?" जिचा श्वास रडण्याने जातो तिला, जिथे सगळी मुलं रडतात अशा जागी न्यायचं कसं, या कोड्यात आम्ही उन्हाळ्यापर्यंत अडकून राहिलो. मध्ये आईने गळ्याचे आजार बरे करणाऱ्या संताच्या नावाने मेणबत्त्या लावल्या. एक झटका आला की पुढच्याची वाट बघत आम्ही जगत होतो. लिडिया वाळली. एकदा ती न्हाणीत एकटीच रडत होती, मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. तेव्हा मला कोणाचा राग आला ते सांगता येणार नाही. पण इतका आला की मी परसात जाऊन केळीच्या खुंटाला लाथ मारली. (खुंट ओला होता. मी पडलो.)

मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रूसापाशी संध्याकाळची प्रार्थना असते. सगळे शेजारी जमतात, क्रूसाला फुलांचे हार घालतात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. त्या संध्याकाळी प्रार्थना चालवायला सॅन्टनकाका पुढे उभे होते, हातात पेटलेली मोठी मेणबत्ती. मी बेटीला कडेवर घेऊन पहिल्याच रांगेत होतो. बेटीने मेणबत्तीकडे बघितलं आणि हात पुढे केला.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची प्रार्थना मध्ये थांबली. सगळ्या आळीला कायदा ठाऊक होता. पण पेटलेली मेणबत्ती देणार कशी?

"क्लेमेंट," मागून आईचा आवाज आला, "काहीतरी कर."

मी केलं. अंगाईच्या चालीत म्हणालो, "नाही गं बाय, नाही गं बाय, चटका बसेल हाताला."

बेटीला चाल नेहमीची वाटली, पण शब्द नवा होता. तो तिने नीट ऐकला. मग किंकाळी आली आणि पाठोपाठ ती भयंकर शांतता. या वेळी ती फार वेळ टिकली, निदान मला तसं वाटलं. बेटीचं अंग ढिलं पडलं आणि हातपाय एकदा ताडकन झटकले गेले. असं आधी कधी झालं नव्हतं. मग सगळी आळी एकदम तिच्यावर धावली. कोणी पाणी मारलं, कोणी फुंकर घातली, कोणी कांदा आणायला पळालं, एकाने आपली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. मला बाकी काही सुचलं नाही. मी पोर खांद्यावर टाकली आणि पळत सुटलो.

मागून लिडिया पळत होती आणि काहीतरी ओरडत होती. मी थांबलो नाही. मोठ्या रस्त्याला एक टांगा उभा होता, त्यात चढलो, लिडियाही कशीबशी चढली.

"वसईला, डॉक्टरकडे," मी टांगेवाल्याला म्हणालो, "पोर जातेय माझी."

"अहो," लिडिया धापा टाकत म्हणाली, "मी कधीची ओरडतेय. तिच्याकडे बघा तरी."

मी बघितलं. बेटी माझी कॉलर चघळत घोड्याकडे बघत होती. श्वास तिने क्रूसापाशीच घेतला होता.

"मग परत जाऊ या का?" मी म्हटलं.

"टांगा पुढे घ्या," लिडिया टांगेवाल्याला म्हणाली. तिच्या आवाजात अंगाई नव्हती.

डॉक्टर हंसा चोरघे लहान मुलांच्या डॉक्टर. नुकत्याच वसईत आल्या होत्या. दवाखान्यात गर्दी नव्हती. त्यांनी बेटीच्या छातीला नळी लावली, पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली, आणि मग आम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी चष्म्यापासून सुरुवात केली. लिडियाने मला दोनदा दुरुस्त केलं.

"रडल्याशिवाय कधी असं होतं? झोपेत, खेळताना?"

"नाही."

"म्हणजे राग आला किंवा लागलं, तर रडते, आणि रडता रडता श्वास अडकतो."

"हो. आणि निळी पडते. डॉक्टर, एक दिवस ती परत श्वास घेणार नाही," लिडिया म्हणाली. हे ती इतके दिवस माझ्याजवळसुद्धा बोलली नव्हती.

"घेईल," डॉक्टर म्हणाल्या. "बऱ्याच मुलांना असं होतं. श्वास ती मुद्दाम धरत नाही, तो आपसूक अडकतो. अंग ढिलं पडलं की आपसूकच सुरूही होतो. तुमच्या पाण्याने नाही, आणि चपलेने तर नाहीच. छाती ठीक वाटतेय. रक्त कमी आहे, त्याचं औषध देते, त्याने फरक पडतो पुष्कळ. मोठी होईल तसं जाईल. रडल्याशिवाय झालं, किंवा लवकर शुद्धीवर आली नाही, तर मात्र धावत या."

तेवढ्यात बेटीने नळी धरली. दोन्ही हातांनी. आम्ही दोघं एकदम म्हणालो, "असू द्या, डॉक्टर."

"का असू द्या? मला पुढचा पेशंट बघायचाय." आणि त्यांनी नळी सरळ काढून घेतली.

मी डोळे मिटले. किंकाळी ऐकली. मग शांतता. डोळे उघडले तर डॉक्टरांनी बेटीला टेबलावर कुशीवर निजवलं होतं, एक हात तिच्या पाठीवर ठेवला होता आणि खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. बेटी निळी झाली, ढिली झाली, आणि मग हुंदका देऊन श्वास घ्यायला लागली. ती थोडं रडली. कोणी काही देत नाही असं बघून तिने टेबलावरचा कापूस चाचपून पाहिला.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "आता तुम्ही दोघं श्वास घ्या." मग मात्र त्या चिडल्या. "एवढे दिवस का थांबलात? आईबाप दोघं शिकलेले, आणि पोरीला रेडिओ आणि कोंबड्या देत बसलात. जे द्यायचं नाही ते देऊ नका. नाकाशी बोटं धरू नका, झोपू द्या तिला. आणि घरात माणसांसारखं बोला. गाऊ नका."

घर आलं, आईला सगळं सांगितलं, बेटीला पाळण्यात ठेवलं. मग लिडिया वळली आणि म्हणाली, "मी ओरडत होते तेव्हा तुम्ही थांबला का नाहीत?"

मी म्हणालो, "ओरडत होतीस की गात होतीस, मला काय ठाऊक?"

बस. त्यानंतर जे भांडण झालं, तसं भुईगावात आधी झालं नसेल. साठलेलं सगळं निघालं. नारळ निघाला, बैल निघाला, विळी निघाली, दोघांच्या आया निघाल्या. लिडियाचा आवाज क्रूसापर्यंत गेला, माझा समुद्रापर्यंत. शेजारी कंदील घेऊन दारात जमले, कोणीतरी फादरांना बोलावू का विचारलं. आम्ही दमून खाली बसलो तेव्हा लिडिया हसत होती आणि तिचे डोळे पुसून होत नव्हते. माझी तीच गत. पाळण्यात बेटी गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, संथ श्वास घेत. त्या गोंगाटात तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा निवांत झोप लागली होती. सॅन्टनकाकांनी हळूच आपला ट्रान्झिस्टर उचलला आणि घरी नेला.

औषध चालू झालं. झटके एकदम गेले नाहीत. पण आता झटका आला की आम्ही तिला कुशीवर निजवायचो आणि पाठीवर हात ठेवून बसायचो. आई तेवढा वेळ डोळे मिटून पुटपुटायची. पावसाळा संपेपर्यंत ते खूपच कमी झाले, नाताळात तर एकही नाही. लिडियाच्या गालांवर मांस आलं.

मग मी ठरवलं, आता आपला नंबर. मी बाप आहे आणि या मुलीवर मी एकदाही रागावलेलो नाही. घराण्याची पद्धत आहे. नाताळानंतर एका दुपारी बेटी माझ्या कचेरीच्या कागदांवर बसून त्यातला एक खात होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो, आजोबांचं स्मरण केलं, छाती भरून श्वास घेतला आणि वर्षभराचा साठा एका शब्दात ओतून गरजलो, "नाही."

परसातल्या कोंबड्या उडाल्या. लिडिया स्वयंपाकघरातून दारात आली. बेटीने कागद खायचा थांबवला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा ओठ थरथरला.

मग ती हसायला लागली. इतकी हसली की मागे कलंडली. उठून बसली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आनी."

मी पुन्हा गरजलो. ती पुन्हा कलंडली. लिडिया दाराला टेकून तोंडाला पदर लावून उभी होती.

"माय, बाहेर या," तिने आईला हाक मारली. "हे रागावतायत."

आई ओट्यावर आली, नीट पाय पसरून बसली आणि मला म्हणाली, "जरा थांब. सॅन्टनला येऊ दे, मग रागाव."